पाय काढणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मी बुलढाण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. वाक्प्रचार म्हणजे माझ्या हातचा मळ. दरवर्षी मी आठवीच्या पोरांना फळ्यावर 'पाय काढणे' लिहून देते, 'निघून जाणे' असा अर्थ सांगते, आणि पोरं वाक्यात उपयोग करतात : पोलिसांना पाहून चोराने तिथून पाय काढला. दरवर्षी तोच चोर, तेच पोलीस. या वाक्प्रचाराशी माझ्या बापाच्या पायाचा काही संबंध येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. परीक्षेत तो एका गुणाला असतो.

आमचं शेत देऊळघाटच्या पलीकडे. बाबा तिथे आयुष्यभर भाजीपाला करत आले. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. पण त्यांचं मन वांग्यात. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता, पण आजार आपला आणि आपण आजाराचे, अशा समजुतीने दोघं राहत होते. पायाची जाणीव हळूहळू गेली. बाबांनी तिचं दुःख केलं नाही, उलट फुशारकी मारली. बाभळीचा काटा टाचेत मोडला तरी आपल्याला कळत नाही, काटाच आपल्याला भितो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यातलाच एक न भ्यालेला काटा डाव्या पायाच्या बोटांमध्ये शिरला. आईला तो वासावरून कळला.

गावातल्या जुन्या डॉक्टरांकडे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जात असू. त्यांची पद्धत सोपी होती. ते आधी शिव्या घालत, मग इंजेक्शन देत, आणि कशाचं इंजेक्शन हे विचारणाऱ्याला पुन्हा शिव्या घालत. बाबांचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास. शिव्या देतो म्हणजे काळजी आहे, असं त्यांचं म्हणणं. पण ते डॉक्टर वारले आणि मुलाने दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान टाकलं. म्हणून पाय काळा पडायला लागल्यावर मी बाबांना बुलढाण्यात एका खाजगी दवाखान्यात आणलं.

तिथल्या सर्जन पुण्याकडच्या होत्या. वय तिशीच्या पुढेमागे, बोलणं नम्र, शुद्ध आणि वेगात. त्या शिव्या देत नसत. रोज सकाळी येऊन त्या बाबांना सगळं समजावून सांगत : रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, पर्याय. बाबा प्रत्येक वाक्यानंतर "हाव" म्हणत. समजलं का काका? हाव. काही शंका? हाव. डॉक्टरीणबाई समाधानाने पुढच्या खाटेकडे जात आणि बाबा आईला विचारत, "काय म्हणे वं ती?" आई म्हणे, "चांगलं बोलते पोरगी."

बाबांना दवाखान्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, घरी कधी सोडता. मृग तोंडावर आला होता. वांग्याची रोपं वाफ्यात तयार होती आणि लावायला माणूस नव्हता. म्हणजे माणसं होती, पण बाबांच्या मते रोप लावण्यात आणि रोप खुपसण्यात फरक आहे, आणि गावात सगळे खुपसणारे उरलेत.

त्या दिवशी सकाळी मी शाळेत होते. काय घडलं ते मला नंतर आईकडून, बाबांकडून आणि डॉक्टरीणबाईंकडून असं तिन्ही बाजूंनी कळलं, आणि गंमत म्हणजे तिघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, बराच वेळ पाहिला. 'कापणे' हा शब्द त्यांना म्हाताऱ्या माणसापुढे क्रूर वाटला, म्हणून त्यांनी मऊ शब्द शोधला. त्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काका, उद्या सकाळी पाय काढू या. आता जास्त थांबण्यात अर्थ नाही."

बाबा म्हणाले, "हाव. थांबून काय करतो? सकाळीच काढू, उनाच्या आंधी."

डॉक्टरीणबाईंना गहिवरून आलं. तुम्ही फार धीराचे आहात, असं त्या म्हणाल्या. बाबांना वाटलं, या देऊळघाटच्या रस्त्याबद्दल बोलत आहेत, आणि रस्ता खणून ठेवल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर नर्सने कागद आणला, त्यावर बाबांनी सही केली. दवाखान्यातून सोडताना सही घेतातच.

मी चार वाजता शाळा सुटल्यावर गेले. डॉक्टरीणबाई मला जिन्यातच भेटल्या. बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी तुमच्या वडिलांचा डावा पाय गुडघ्याखालून कापायचा ठरला आहे, आणि त्यांनी तो निर्णय ज्या शांतपणे घेतला तसा मी आजवर कोणाला घेताना पाहिलं नाही. मला भीती वाटली, आणि राग आला की एवढी मोठी गोष्ट बाबांनी मला न विचारता ठरवली. डोळे पुसून, चेहरा नीट करून मी खोलीत गेले.

खोलीचं लगीनघर झालं होतं. आईने चादरींच्या घड्या घातल्या होत्या, पिशव्या भरल्या होत्या, उरलेली केळी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना देऊन टाकली होती. बाबा त्या बाईंच्या नवऱ्याला दिवाळीनंतर वांगी खायला शेतात यायचं आमंत्रण देत होते. मला वाटलं, काय हे माणसाचं काळीज. उद्या पाय जाणार आणि हा दिवाळीचं बोलतो आहे. आपण या माणसाला कधी ओळखलंच नाही. मी त्यांच्या पायथ्याशी बसले आणि चांगल्या पायावर हात ठेवला, कारण दुसऱ्यावर ठेवायचा धीर झाला नाही.

"रिक्षा सांगून ठेव सकायची," बाबा म्हणाले.

रिक्षा कशाला, असं मी विचारणार तेवढ्यात नर्स आली आणि आजोबा, रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं सांगून निघाली. बाबांनी तिला थांबवलं.

"घरी जाले उपाशी काऊन जा लागते?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या पिशव्यांकडे पाहिलं. आईला हळूच विचारलं, डॉक्टरीणबाई नेमकं काय म्हणाल्या. आईने सांगितलं, "म्हणे, उद्या सकाळी पाय काढू या, आता जास्त थांबण्यात अर्थ नाही." इतकी वर्षं मी हा वाक्प्रचार शिकवत होते आणि आता तो माझ्या पुढ्यात वाक्यात उपयोग होऊन पडला होता.

सांगणं मला भाग होतं. प्रमाण मराठीत मला तो शब्द सापडेना, म्हणून आमच्याच बोलीत सांगितलं. "बाबा, त्या घरी नाई धाडून राह्यल्या. पाय कापाचा म्हणतात. तुमचा."

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग पायाकडे. मी वाट पाहिली, पण "हाव" आला नाही. कोणी काहीही सांगितलं तरी हाव म्हणणारा माणूस. बैल मेल्याचं सांगितलं तेव्हा हाव म्हणाला होता, माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हाही हाव, त्याच सुरात. आता मात्र म्हणाला नाही. आईने पिशवी उघडली आणि एकेक वस्तू परत बाहेर मांडायला घेतली.

मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले ते भांडायला. रागावले की माझी मराठी फार शुद्ध होते. आपण कोणाचा पाय कापायला निघाला आहात, त्या गृहस्थांची समजूत काय झाली आहे, याची आपणास कल्पना आहे का, असं मी अगदी व्याकरणशुद्ध विचारलं. त्या म्हणाल्या, पण ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. मी म्हटलं, ते हो म्हणालेच नाहीत, ते हाव म्हणाले. मग मला त्यांना हाव शिकवावा लागला. हाव म्हणजे होकार असतोच असं नाही. हाव म्हणजे, बोला, माझं लक्ष आहे. हाव म्हणजे, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमचं वाक्य मध्येच कसं तोडू. नाही म्हणायचं असलं तरी आमच्याकडे आधी हाव म्हणतात आणि मग 'पण' म्हणतात, आणि तुम्ही त्या 'पण'पर्यंत कधी थांबलाच नाहीत.

भांडणाची माझी पूर्ण तयारी होती. पण त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, चला. माझी निम्मी वाक्यं तशीच शिल्लक राहिली, याचा मला अजून थोडा राग आहे.

खोलीत येऊन त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. तोवर त्या बाबांशी कधी बसून बोलल्या नव्हत्या. बाबा भिंतीकडे पाहत होते. त्या म्हणाल्या, "काका, मी चुकीचा शब्द वापरला. पाय कापायचा असं मला म्हणायचं होतं."

"मंग कापाचा म्हना ना," बाबा म्हणाले. "काढाचा काय? काटा हाय का तो?"

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी हळू. रस्ते दोन आहेत, त्या म्हणाल्या. एक, पाय आत्ताच गुडघ्याखालून कापायचा; जखम लवकर भरेल, कृत्रिम पाय बसवता येईल, चालता येईल. दुसरा, फक्त सडलेली बोटं कापायची आणि पाऊल वाचतं का ते पाहायचं. रोज धुणं-पट्टी, कित्येक महिने. नाही जमलं तर विष वर चढेल आणि मग गुडघ्याच्या वरून कापावा लागेल, जिवालाही धोका. मी पहिला सुचवेन. पण निर्णय तुमचा आहे.

बाबांना हे आवडलं नाही. जुन्या डॉक्टरांनी त्यांना आयुष्यात काही विचारलं नव्हतं. "निर्णय माहा?" ते म्हणाले. "मंग तुमी कायले शिकल्या?"

मी मध्ये पडून सांगितलं की त्या सल्ला देतात, पण पाय तुमचा म्हणून तुम्हाला विचारतात. त्या बोलत ते मी बाबांना सांगत होते आणि बाबा बोलत ते त्यांना. मराठीतून मराठीत भाषांतर करायची वेळ माझ्यावर आली होती आणि त्यासाठी मला कोणी मानधन देणार नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला. मला तो त्या क्षणी अगदीच पोरकट वाटला. "काका, तुम्हाला पाय कशासाठी लागतो?"

बाबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बसाले," ते म्हणाले.

चालायला नाही? असं त्यांनी विचारलं. चालायचं काय, चालायला काठी असते, ते म्हणाले. रोप लावायला उकिडवं बसावं लागतं. निंदायला बसावं लागतं. वांगं तोडायला बसावं लागतं, कारण ते देठाजवळ हात घालून तोडावं लागतं, वरून ओढलं की झाड हलतं. तुमच्या त्या नकली पायावर उकिडवं बसता येतं का? डॉक्टरीणबाईंनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. नाही येत. नीट नाही येत.

मग बाबांनी प्रत्येक पेशंट शेवटी विचारतो तोच प्रश्न विचारला. "तुमचे बाबा असते तं तुमी काय केलं असतं?"

"कापला असता," त्या म्हणाल्या. "पण माझे बाबा खुर्चीत बसतात."

बाबांना हे उत्तर पटलं. ते म्हणाले की बोटं कापा. डॉक्टरीणबाईंनी लगेच मान डोलावली नाही. आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा, असं म्हणाल्या. बाबांना तो अपमान वाटला, पण सांगितलं, शाळेतल्या पोराने पाठ म्हणावं तसं छताकडे पाहत : बोटं कापता, रोज धुता, जमलं तं जमलं; नाई जमलं तं गुडघ्याच्या वरून कापा लागते, नाई तं मी मरतो. एक वांग्याचा हंगाम तं निंगते. यातलं शेवटचं वाक्य डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नव्हतं. जुना सहीचा कागद त्यांनी बाबांसमोर फाडला आणि नवा केला.

माझं मत कोणी विचारलं नाही. मी सांगते. माझं मत होतं, पाय तेव्हाच कापावा. मला बाप हवा होता, तो खुर्चीत बसलेला असला तरी चालला असता. हे मी त्या रात्री त्यांना सांगितलं, जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हाव म्हणाले.

बोटं गेली. रोपं थोडी उशिरा लागली, पण बाबांच्याच हातची लागली. पायाला पट्टी, पट्टीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर सुतळी, असा तो पाय वाफ्यात पुढे ठेवून ते बसत. ओल्यात जायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि बाबांनी ते शब्दशः म्हणून दाखवलं होतं. म्हणून दाखवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे त्यांना तपासणीला नेल्यावर डॉक्टरीणबाईंच्याही लक्षात आलं. त्या पिशवी पाहून रागावल्या. पुण्याची मराठी असली तरी त्यात एक-दोन शिव्यांच्या जवळपासचे शब्द होते. बाहेर आल्यावर बाबा खुशीत म्हणाले की आता ही डॉक्टर झाली. पुढेपुढे त्या इतर पेशंटनाही 'हाव, पण काय?' असं विचारायला लागल्या. पेशंट गोंधळत, मग खरंच एखादा 'पण' बाहेर काढत.

दिवाळीनंतर शेजारच्या खाटेवरच्या बाई आणि त्यांचा नवरा खरोखर वांगी खायला आले. मला तो एक दिवस चांगला आठवतो. काटक्यांवर भाजलेलं वांगं, बाजूला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि बाबा उकिडवे बसून त्यांना सांगत होते की वांगं भाजताना दबा धरून बसावं लागतं, घाई केली की आत कच्चं राहतं. त्या दिवशी मला वाटलं, माझंच चुकलं असेल, पाऊल वाचलं.

पाऊल वाचलं नाही. भोगीला गावभर आमची वांगी गेली आणि संक्रांत झाल्यावर बाबांना ताप भरला. काळेपण घोट्याच्या वर गेलं होतं. मी त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा रस्ताभर एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर 'मी सांगत होते' हेच बोलले असते. आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, पाहिलं आणि स्टूल ओढून बसल्या. शब्द शोधत होत्या, मला दिसत होतं, पुन्हा एखादा मऊ शब्द.

"म्याडम," बाबा म्हणाले, "आता पाय काढा लागते."

त्यांनी मान वर केली. "कोणता, काका? घरी जायचा?"

"नाई. कापाचा. गुडघ्याच्या वरून, तुमी सांगतलं व्हतं तसा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांनी तेव्हाच जास्त आग्रह धरायला हवा होता, गुडघा तरी राहिला असता. माझ्याही मनात तेच होतं, आणि ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला कसलंच समाधान झालं नाही. बाबांनी हात हलवून त्यांना थांबवलं.

"तवा कापला असता तं तो तुमी कापला असता," ते म्हणाले. "मले ठाऊकबी नव्हतं. आता मी सांगून राह्यलो, कापा म्हनून. आन मधात एक हंगाम निंगला माहा. तुमी जिवाले लावून घेऊ नका." मग तापातही त्यांना काहीतरी आठवलं आणि ते कोपरावर थोडे उठले. "आता तुमी सांगा बरं, मी काय म्हनलं ते."

त्यांनी सांगितलं. छताकडे न पाहता, बाबांच्या तोंडाकडे पाहून, सावकाश, काहीही न गाळता सांगितलं : तेव्हा मी कापला असता, आता तुम्ही कापायला सांगताय, मध्ये एक हंगाम झाला, तो तुमचा होता.

"समजलं ना?" बाबांनी विचारलं.

"हाव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबा थोडा वेळ थांबले, पुढे 'पण' येतो का ते पाहायला. तो आला नाही. मग त्यांनी सही करायला पेन मागितलं.